डबा फेकण्याआधी नळी लावा: मोटरसायकलच्या इनटेकचं काम, इंदूरच्या हवेत

इंदुरात कुठल्याही गॅरेजपुढे उभं राहून "गाडीला दम नाही" एवढं म्हणा, उत्तर तयार असतं: "भिया, डब्बा हटाओ, कोन फिल्टर डालो, गाड़ी उड़ेगी." कोन फिल्टर म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, डबा म्हणजे एअर फिल्टर ज्यात बसतो तो एअरबॉक्स. तो काढला की इंजिन हवा ओढतानाचा घुरघुराट थेट गुडघ्याशी येतो, आणि आवाज वाढला की वेगही वाढल्यासारखा वाटतो. घड्याळ लावून पाहिलं की मात्र बऱ्याचदा गाडी पूर्वीपेक्षा मंद निघते.

इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेच्या, कामातून फायदा होतच नाही, असं नाही. होतो, पण नेमका कुठे आणि किती होईल ते आधी मोजता येतं, आणि मोजायला लागणारं सामान माशांच्या टाकीच्या दुकानात मिळतं. पुढचं सगळं १०० ते २०० सीसीच्या, कार्बोरेटरवाल्या फोर स्ट्रोक गाड्यांसाठी आहे, म्हणजे ढोबळमानाने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम येण्याआधीच्या. फ्युएल इंजेक्शनवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

इंजिनाला हवा लागते तरी किती

१५० सीसीचं इंजिन ८५०० आरपीएमवर फिरतंय असं धरा. फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत जाते. म्हणजे १५० गुणिले ४२५०, मिनिटाला सुमारे ६३७ लिटर, सेकंदाला साडेदहा लिटरच्या आसपास. सिलिंडर पूर्ण भरला तर हा आकडा, प्रत्यक्षात थोडा कमी. एवढी हवा ओढायला डब्याचं तोंड फार मोठं लागत नाही. कंपनीने ते मुद्दाम चोंदून ठेवलंय असा जो समज आहे, तो बहुतेक गाड्यांना लागू नाही.

डबा तिथे असण्याची कारणं वेगळी आहेत. एकच सिलिंडर असलेलं इंजिन हवा सलग घेत नाही, हिसक्याने घेते. डब्यातला साठा ते हिसके झेलतो, त्यामुळे फिल्टरमधून हवा बऱ्यापैकी संथ येते. डब्याचं आकारमान आणि त्याच्या नाकाची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीची, लांबी मिळून एका ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यात हवेचा दाब किंचित चढतो. गावात आपण ज्या ३५०० ते ६००० आरपीएमवर गाडी चालवतो, तिथल्या ताकदीला या जुळणीचा हातभार असतो. डबा काढला की हीच ताकद आधी जाते. शिवाय तो आवाज दाबतो, पावसाचं पाणी अडवतो, आणि सिलिंडरच्या मागून येणारा गरम झोत कार्बोरेटरपासून दूर ठेवतो. या शेवटच्या कामाकडे कोणी बघत नाही, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरतं.

आधी गाडी मूळ तब्येतीत

आजारी गाडीवर कुठलंही इनटेक काम करू नका, कारण मग कशाने काय झालं ते कळणारच नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर मॅन्युअलमधल्या मापाने लावा. प्लग बदला. चेन सैल नाही ना, मागचा ब्रेक घासत नाही ना, ते मेन स्टँडवर चाक फिरवून बघा. चोक पूर्ण सुटतोय का तेही बघा. अर्धवट अडकलेला चोक हा ॲव्हरेज खाणारा जुना चोर आहे.

मग कार्बोरेटर आणि हेडमधला रबरी जोड. उन्हाने त्याला बारीक भेगा पडतात आणि तिथून फुकटची, न मोजलेली, न गाळलेली हवा आत शिरते. गाडी आयडलवर ठेवा आणि जोडाभोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आरपीएम बदलला तर जोड गेला. फवारा पेट घेणारा असतो, म्हणून गरम सायलेन्सरपासून लांब, मोकळ्यावर आणि थोडाच मारायचा. कितीतरी गाड्यांचा "दम" या एका रबरात अडकलेला असतो. तो बदलून गाडी खूश झाली तर इथेच थांबलात तरी चालेल.

नळी, पाणी आणि चिमूटभर कुंकू

आता मोजणी. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी दोन मीटर घ्या, आणि सोबत त्याच टाकीचा हवा कमी-जास्त करायचा छोटा प्लास्टिकचा कॉक. अर्धा मीटर लांबीच्या लाकडी पट्टीवर नळीचा इंग्रजी यू आकार करून टेपने चिकटवा, मध्ये शाळेची फूटपट्टी. अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि त्यात चिमूटभर कुंकू घाला, म्हणजे पातळी लांबूनही दिसते. यूचं एक टोक हवेत उघडं, दुसरं कॉकमधून डब्याला.

डब्याला कुठे? फिल्टरच्या पलीकडे, कार्बोरेटरच्या बाजूच्या स्वच्छ कप्प्यात. काही गाड्यांना त्या कप्प्याची निचरा नळी खाली लोंबत असते, तिचं बूच काढून तिथेच जोडता येतं. नसेल तर कप्प्याच्या झाकणाला पाच मिलिमीटरचं भोक पाडून नळी घट्ट बसवा, काम झाल्यावर रबरी बूच लावा. झाकण काढून, बाहेर नेऊन भोक पाडा आणि कीस पुसून मगच परत लावा. प्लास्टिकचा कण कार्बोरेटरमध्ये जायला नको.

गाडी चालू केली की पाणी नाचू लागेल, कारण हवा हिसक्याने जाते. कॉक हळूहळू बंद करत आणा, पातळी शांत होईपर्यंत. पूर्ण बंद करू नका.

यानंतर दुसऱ्या गिअरमध्ये फुल एक्सलेटर देऊन, आरपीएम वरपर्यंत जाऊ द्यायचा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक बघायचा. वाचायचं काम मागे बसलेल्या मित्राचं, तुमचं नाही. दुसरा गिअर अशासाठी की हवेचं प्रमाण आरपीएम आणि एक्सलेटरवर ठरतं, रस्त्यावरच्या वेगावर नाही. ताशी पन्नास-साठच्या आत काम भागतं. तरीही पहाटेचा मोकळा रस्ता बघा. सुपर कॉरिडॉर रुंद आहे म्हणून तिथे प्रयोगशाळा मांडू नका. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ पासून आहे खरा, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी, तुमच्या-माझ्या पल्सरसाठी नाही.

आता आकड्याचा अर्थ. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणून इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. या दाबाच्या हिशेबात १० सेंटिमीटर पाण्याचा फरक म्हणजे जेमतेम एक टक्का. तुमच्या नळीत ८ सेंटिमीटर दिसले, तर डबा, नाक आणि फिल्टर सगळं हवेत विरून गेलं तरी मिळकत टक्क्याच्या आतबाहेर. हिसक्यांमुळे खरा तोटा वाचनापेक्षा थोडा जास्त असतो, पण तो पाच टक्क्यांवर उडी मारत नाही. १४ बीएचपीच्या गाडीत एक टक्का म्हणजे किती, हिशेब तुम्हीच करा.

आकडा २०-२५ सेंटिमीटर आला तर मात्र कामाला जागा आहे. मग दुसरं वाचन फिल्टरच्या अलीकडे, धुळीच्या कप्प्यात घ्या. समजा स्वच्छ बाजूला २२ आले आणि धुळीच्या बाजूला ६. म्हणजे १६ सेंटिमीटर फिल्टर खातोय, नाक निर्दोष आहे. उलट आलं तर नाक दोषी. बदल कुठे करायचा ते असं ठरतं.

गरम हवा: खरा चोर

त्याच माशांच्या दुकानात वायरवाला डिजिटल थर्मामीटर मिळतो. त्याचं टोक डब्याच्या नाकाशी टेपने लावा आणि नेहमीच्या रस्त्याने जा: राजवाड्याची कोंडी, जवाहर मार्ग, मग मोकळा रिंग रोड. बाहेरचं तापमान आणि नाकाशी असलेलं तापमान यातला फरक लिहून ठेवा. मग टोक कार्बोरेटरच्या मागे, जिथे कोन फिल्टर येणार असतो तिथे लावा आणि तीच फेरी पुन्हा मारा.

दर १० अंशांमागे हवा साधारण तीन टक्के विरळ होते. सीटखालच्या नाकापेक्षा सिलिंडरच्या पाठीमागची जागा कोंडीत २० अंशांनी गरम निघाली, तर कोन फिल्टरने एक टक्का दिला आणि सहा टक्के हवा घालवली. डिसेंबरच्या सकाळी १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश, या दोन हवांमध्ये घनतेचा फरक दहा टक्क्यांचा आहे. दिवाळीनंतर गाडी "मोकळी" वाटते ती यामुळेच. नव्या फिल्टरला त्याचं श्रेय फुकट मिळतं.

म्हणून पहिला बदल बहुतेक वेळा हाच: नाकाला थंड हवा द्या. साइड पॅनलच्या आत नाकाचं तोंड इंजिनाकडे उघडत असेल तर मध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा आडोसा लावा, पत्रा आणि डबा यांत बोटभर फट ठेवून. साइड पॅनलची बंद झालेली जाळी, सीटखाली कोंबलेली फडकी आणि टूलकिट, हे काढलं तरी दोन-चार अंश उतरतात.

समोरून हवा कोंबणारे स्कूप विकले जातात, त्यांचंही बोलून घेऊ. ताशी १०० च्या वेगाने समोरच्या वाऱ्याचा दाब साधारण साडेचार सेंटिमीटर पाण्याएवढा, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. शोभेला लावायचा तर लावा.

मग कानस

नळीने नाक दोषी ठरवलं असेल तर ते कापून टाकू नका. त्याची लांबी जुळणीचा भाग आहे. त्याची तोंडाची कड बघा: बऱ्याच गाड्यांत ती साच्यातून निघालेली, धारदार, कधी साच्याची रेघही तशीच. हवा धारदार कडेवरून वळताना सुटते आणि नळीचं तोंड आहे त्यापेक्षा अरुंद असल्यासारखं वागतं. गोल कानस, मग १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन ती कड आतबाहेर गोल करा. जाडी पुरत नसेल तर बाहेरून इपॉक्सी पुटीची किनार चढवून, सुकल्यावर तिला कर्ण्यासारखा उतार द्या. बोट आतून बाहेर फिरवलं तर कुठे अडता कामा नये. पुटी नीट धरली आहे ना, हे नखाने खरवडून बघा. सुटलेला तुकडा फिल्टरच्या अलीकडेच राहील, तरी सुटायलाच नको. नळी पुन्हा लावा, आकडा बघा.

एवढ्यावर भागलं नाही तर डब्याच्या धुळीच्या बाजूला दुसरं छोटं तोंड द्यायचं, तेही वरच्या अंगाला, चाकाच्या फवाऱ्यापासून लांब. एकदम मोठं नको. थोडं वाढवा, मोजा, पुन्हा थोडं. आकडा खाली यायचा थांबला की तिथेच थांबा. त्यापुढचं प्रत्येक भोक फक्त आवाज वाढवतं.

फिल्टर दोषी असेल तर आधी नवा मूळ फिल्टर लावून मोजा. जुना, चोंदलेला फिल्टर बदलला की निम्म्या लोकांचं काम होतं. तेलकट तपकिरी कागदाचा फिल्टर धुवायचा नाही आणि कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकायचाही नाही. तो बदलायचाच असतो. फोमचा असेल तर रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, सावलीत वाळवा, इंजिन ऑइलमध्ये भिजवून दोन तळव्यांत पिळा. पिळताना पिरगाळू नका, फोम फाटतो. के अँड एनसारखे तेलकट कापडी फिल्टर, मूळ डब्यात बसणाऱ्या आकाराचे, हा समजूतदार पर्याय आहे, फक्त त्यांचं तेल वेळेवर द्यावं लागतं. फिल्टर कोणताही असो, त्याच्या कडेची बैठक सगळीकडून घट्ट हवी. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात मैद्यासारखी उडते, आणि सिमरोल-चोरल किंवा महूकडच्या कच्च्या रस्त्यावर पुढे ट्रक असेल तर विचारू नका. ती धूळ पिस्टन रिंग खाते. कमावलेला एक टक्का रिंग गेल्यावर कोणी परत देत नाही.

डब्याला आलेल्या इतर नळ्या जिथल्या तिथे राहू द्या. क्रँककेसच्या ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली वाफ सोडणारी) नळी, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी ताजी हवा देणाऱ्या व्हॉल्व्हची नळी. कोन फिल्टर लावणारे या दोन्ही लोंबत्या सोडतात. मग इंजिनात धूळ जाते आणि एक्सलेटर सोडला की सायलेन्सर फटफटतो.

जेट: इथे घाई नको

जेट म्हणजे कार्बोरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, होतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, पूर्ण ताकदीला साडेबारा-तेरा पटच बरी. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं, त्याचं पूर्ण जळण्याचं प्रमाण सुमारे १३.५. म्हणजे ई१० च्या काळात लावलेला कार्बोरेटर आज आपोआपच चारेक टक्के लीन चालतो. इंदूरची उंची उलट दिशेने ओढते: विरळ हवेत कार्बोरेटर साधारण तीन टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतो. दोन्ही जवळपास फिटंफाट. मुंबई-पुण्याच्या मित्राने सांगितलेला जेट नंबर इथे डोळे झाकून लावू नये तो यासाठीच.

कुठला भाग कधी काम करतो ते पक्कं करा. आयडल ते आठवा भाग एक्सलेटर: पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू. पाव ते पाऊण: सुई. पाऊण ते फुल: मेन जेट. सुरुवात मेन जेटने करा, मग सुई, शेवटी स्क्रू.

मेन जेट एका वेळी एकच नंबर वर. तिसऱ्या गिअरमध्ये फुल देऊन बघा. फुलवर अडखळत असेल आणि एक्सलेटर किंचित मागे घेताच गाडी पुढे उसळली, तर अजून लीन आहे. फुलवर जड, घोगरी, प्लग काळा कोरडा काजळीचा, तर रिच. मधल्या पट्ट्यात हिसके असतील तर सुईची क्लिप एक खाच खाली लावा. सुई वर येते, मिश्रण रिच होतं. नव्या गाड्यांच्या सुईला एकच खाच असते. तिथे क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाकतात.

स्क्रूच्या बाबतीत एक गोष्ट नीट बघा, कारण इथे मेकॅनिकही फसतात. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की रिच. डब्याच्या बाजूला असेल, जसा टू स्ट्रोक यामाहा आरएक्स १०० ला, तर तो हवेचा: बाहेर काढला की लीन. इंजिन पूर्ण गरम करा, आयडल सगळ्यात वर जाईल तिथे स्क्रू सोडा, मग आयडल खाली आणा.

लीन राहिलेली गाडी सुरुवातीला तुफान हलकी वाटते आणि त्यातच फसायला होतं. भेरूघाटात तिसऱ्या गिअरवर दहा मिनिटं ओढली की पिस्टन तापून सांगतो. शंका असेल तर नेहमी एक नंबर रिच बाजूला राहा.

फरक पडला का?

चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० पासून ७० पर्यंत फुल एक्सलेटर. हेल्मेटला किंवा हँडलला लावलेल्या कॅमेऱ्याने मीटरचं चित्रण करा आणि वेळ घरी काढा. तोच रस्ता, दोन्ही दिशांनी, टाकीत पेट्रोल सारखं, टायरची हवा सारखी. बदलाआधीची आणि नंतरची चाचणी एकाच सकाळी घ्या, नाहीतर तुम्ही फिल्टर नव्हे, हवामान मोजाल. दोन्ही दिशांची सरासरी धरा. अर्ध्या सेकंदाच्या आतला फरक हा एक्सलेटर उघडण्याच्या, सीटवर वाकण्याच्या गडबडीतही येतो, त्यावर फार उड्या मारू नका.

इंजेक्शनवाल्या गाड्या

इथे संगणक सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून मिश्रण सावरतो, पण संथ चालीतच. फुल एक्सलेटरवर तो कधी किती पेट्रोल द्यायचं याच्या साठवलेल्या नकाशावर चालतो, आणि डब्यात केलेला मोठा बदल त्या नकाशाला माहीत नसतो. नाकाची कड गोल करणं, मूळ आकाराचा चांगला फिल्टर, थंड हवा, एवढं नकाशा न बदलता चालतं. त्यापुढे जायचं तर पॉवरट्रॉनिकसारखा, मूळ संगणकाला जोडायचा पिगीबॅक संगणक आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसवलेलं ट्यूनिंग लागतं. डब्यातला तापमान सेन्सर मात्र कधीही बाहेर लोंबता सोडू नका. त्याला जी हवा दिसेल तिच्यावरच पेट्रोल ठरतं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं, आणि कलम १८२ए खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. डबा काढून कोन फिल्टर लावलेली गाडी बघताक्षणी ओळखू येते. वॉरंटी आणि विम्याचा दावाही तिथेच अडकू शकतो. मूळ फिल्टरचा प्रकार, मूळ डबा ठेवून केलेली निगा हा वेगळा विषय, पण जेट बदलल्यावर पीयूसी नव्याने करून घ्या. रिच गाडीचा कार्बन मोनॉक्साइड लगेच वर जातो.

धुळीची परीक्षा

सगळं जोडून झालं की फिल्टरपुढच्या स्वच्छ नळीच्या आतल्या भिंतीवर पांढऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि महिनाभर नेहमीसारखी गाडी चालवा. मग नळी काढून ग्रीस बोटावर घ्या, दोन बोटांत चोळा. गुळगुळीत लागली तर ठीक. कचकच लागली तर फिल्टरच्या कडेने हवा गळतेय. झाकणाचे स्क्रू, कडेचं रबर, आणि मोजणीसाठी पाडलेल्या भोकाचं बूच, या क्रमाने बघा. बहुतेक वेळा बूचच सापडतं.